मला मागे घे

आमच्या सोसायटीत एक अलिखित नियम आहे. सभेला जो नसेल त्याच्या गळ्यात काम. मी सभेला होतो. फक्त भजी कुठवर आली ते बघायला जरा उठलो. परत येतो तर मी फुटबॉल संघाचा कर्णधार. हातात बशी आणि तोंडात गरम भजं, त्यामुळे विरोध नोंदवता आला नाही. मी जो काही आवाज काढला तो सेक्रेटरींनी होकार म्हणून धरला आणि पुढचा विषय घेतला, कबुतरांचा.

माझी सगळी क्रीडाविषयक अक्कल क्रिकेटवर खर्च झालेली. फुटबॉलबद्दल इतकंच ठाऊक होतं की त्यात एका बाजूला अकरा माणसं असतात, आणि तेही आमच्याकडे लागू नव्हतं. अकरा अधिक अकरा माणसं पळतील एवढी मोकळी जागा धायरीत आता उरलेली नाही. सोसायटीच्या मागे जाळी लावलेलं एक हिरवं टर्फ आहे, त्यावर सात-सात जण खेळतात आणि आठवा आला की त्याचा पाय कोणाच्या तरी पायात येतो.

आधी आमच्याकडे संघ विंगवार असत. ए विंग, बी विंग. पण एका सामन्यानंतर ए विंगने बी विंगला पाण्याचा टँकर आत घेऊ दिला नाही, तेव्हा हे थांबवायचं ठरलं. सेक्रेटरींचा मुलगा परदेशात असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तिकडे ड्राफ्ट असतो. चार कर्णधार नेमायचे, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा आणि एकेकाने पाळीपाळीने खेळाडू उचलायचा. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, म्हणजे ज्याला पहिला खेळाडू मिळाला त्याला दुसरा सगळ्यांत शेवटी. मागच्या वर्षीपासून हे सुरू झालं. ड्राफ्ट म्हटल्यावर आमच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी विचारलं होतं, तो कोणाच्या नावे काढायचा? म्हणून सेक्रेटरींनी फळ्यावर शुद्ध मराठीत लिहिलं: ‘खेळाडूंचा मसुदा रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये होईल. उशिरा येणाऱ्यांची गणना उरलेल्यांत केली जाईल.’

आणखी दोन नियम होते, ते आत्ताच सांगून ठेवतो. एक, प्रत्येक संघात पन्नाशीच्या पुढचा किमान एक माणूस मैदानात हवाच. याला ‘ज्येष्ठांचा सहभाग’ म्हणायचं. त्यासाठी सेक्रेटरींनी पन्नाशीपुढच्या सगळ्यांची नावं परस्पर घालून टाकलेली. दुसरा नियम यंदाचा. मागच्या वर्षी निम्मे ज्येष्ठ ऐनवेळी पळाले, म्हणून आता कोणाला नाव मागे घ्यायचं असेल तर ते कर्णधाराच्या तोंडून, भर सभेत.

तर चिठ्ठ्या निघाल्या आणि पहिला क्रमांक माझा आला. मला आयुष्यात काही लागलेलं नाही. वाण्याच्या दिवाळी सोडतीत शेजारीपाजारी सगळ्यांना डबे लागले, मला पुढच्या वर्षीचं कूपन. त्यामुळे घरी जाताना मी जरा छाती काढूनच चाललो होतो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू भेटला. हा आयटीतला मुलगा, आमच्या सोसायटीत सगळ्यांत वेगात पळणारा आणि सगळ्यांत वेगात बोलणारा.

“काका, फर्स्ट पिक! स्ट्रॅटेजी काय?”

मी म्हटलं, “चांगला माणूस घ्यायचा.”

“अहो, चांगला म्हणजे कुठल्या पोझिशनचा? आधी पोझिशन ठरवा, मग माणूस. स्कार्सिटी बघा. गोलकीपर काय, कोणीही उभा राहतो. डिफेंडर शेवटच्या राउंडला पण मिळतात. गोल मारणारा एकच आहे.”

“कोण?”

“मी बायस्ड नाहीये काका,” तो म्हणाला, “पण मीच.”

मला पटलं. मला लगेच पटतं, हा माझा स्वभावदोषच आहे. पण घरी जाऊन सांगितलं तर बायको म्हणाली, “अहो, नवीन घर घेतल्यावर आपण आधी काय केलं? दाराला लॅच बसवून घेतलं. टीव्ही नंतर आणला. गोलकीपर घ्या आधी.” हेही पटलं. संध्याकाळी केस कापायला गेलो, तर कात्री चालवता चालवता न्हावी म्हणाला, “साहेब, गेम सगळा मधल्याच्या हातात असतो. पुढचा आणि मागचा नुसते हमाल.” मान हलवायची सोय नव्हती, पण पटलं. बँकवाले काका म्हणाले की पोझिशन वगैरे काही नसतं. पहिला म्हणजे मानाचा पहिला, मिरवणुकीत जसा असतो तसा, आणि मान नेहमी ज्येष्ठतेने द्यावा. शहाऐंशी वर्षांचा माणूस. त्यांनाच घ्या म्हणतायत की काय, अशी मला भीती वाटली.

त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर सात वाट्या मांडल्या. लोणच्याची बरणी गोलमध्ये उभी केली. मिठाचं भांडं पुढे ठेवलं. मग वाटलं, बरणी पुढे असती तर बरं. सगळं पुन्हा हलवलं. बायको आमटी घेऊन आली आणि म्हणाली, “मधल्या खेळाडूत वाढू का?”

या सगळ्या गोंधळात मी समोरच्या फ्लॅटमधल्या मित्राचा विचारच केलेला नव्हता. आणि खरं तर सगळं त्याच्यावरच अडलेलं होतं.

त्याचं कॅम्पात चष्म्याचं दुकान आहे, वडिलांच्या भावाने काढलेलं. त्यामुळे सोसायटीत त्याला चष्मेवाले म्हणतात, मी चष्म्या म्हणतो. वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते, तिथल्या क्वार्टर्समध्ये तो वाढला. आम्ही वीस-बावीस वर्षं शेजारी आहोत. रोज सकाळी एकत्र फिरायला जातो, म्हणजे कोपऱ्यावरच्या अमृततुल्य चहावाल्यापर्यंत. आणि गेली वीस-बावीस वर्षं मी खडकीतल्या फुटबॉलच्या गोष्टी ऐकतोय. फौजी पोरं कशी बैलासारखी अंगावर यायची आणि हा बॅकला कसा भिंतीसारखा उभा असायचा.

तरीही मागच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तो शेवटपर्यंत उरला होता. सगळे उचलले गेले, खुर्च्यांवर तो एकटा. दोन कर्णधारांना ज्येष्ठ हवा होता, त्यातल्या एकाला दुसरा मिळाला, आणि मग ताटातल्या शेवटच्या घासासारखं त्याचं झालं. तुम्ही घ्या, नाही नाही, तुम्हीच घ्या. तो स्वतःही हसत होता. नंतर सामन्याच्या दिवशी त्याची कंबर धरली आणि तो खेळलाच नाही. मग महिनाभर सकाळी चहाला आला नाही. विचारलं तर म्हणाला, “ॲसिडिटी.”

यंदा त्यात भर पडली होती ती जावयाची. मुलीचा निकाह होऊन थोडेच महिने झाले होते. जावई लोणी काळभोरकडच्या एका कॉलेजात शिकवतो आणि तिथल्या संघातून खरोखरचा फुटबॉल खेळतो. तो रविवारी मुलीला घेऊन येणार होता आणि सासरे ड्राफ्टमध्ये आहेत हे कळल्यावर त्याने मुद्दाम सकाळची वेळ धरली होती. म्हणजे या वेळी चष्म्या खुर्चीवर एकटा उरला असता तर नव्या जावयासमोर. कोणत्याही घरातल्या सासऱ्याला हे कसं वाटेल ते मला वेगळं सांगायला नको.

भाडेकरूला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सिंपल आहे. फर्स्ट राउंडला मला घ्या, सेकंडला चष्मेवाले अंकलना. मधे त्यांना कोणी हात लावणार नाही.” हिशेब बरोबर होता. मी निश्चिंत झालो. आता झोपायचं, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घ्यायला दारात आलो तर चष्म्या लिफ्टमध्ये शिरत होता. दुकानाची घाई, त्या आठवड्यात सकाळचा चहाही बंद. मला बघून त्याने लिफ्टचं दार हाताने अडवलं, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “ऐक, तुझी पहिली चिठ्ठी आहे ना? मला मागे घे.”

“काय?”

“मागे घे रे मला,” तो म्हणाला आणि दार लागलं.

मी पेपर हातात धरून उभा. मागे घे. सोपे दोन शब्द. आत जाऊन बायकोला सांगितले.

ती म्हणाली, “मग घ्या की मागे. मागून घ्या, दुसऱ्या फेरीत. तुमचं ठरलंच आहे. बिचारा समजूतदार आहे, पहिल्या मानावर त्याचा डोळा नाही.”

मला वाटलं, नाही. तो खडकीचा बॅक. ‘मागे घे’ म्हणजे मागच्या जागेवर घे. ज्येष्ठ म्हणून याला उगाच पुढे उभा करून कोपऱ्यात टाकतील, म्हणून तो आधीच सांगतोय, बॅकलाच घे. आणि ‘पहिली चिठ्ठी आहे ना’ असं म्हणाला म्हणजे पहिल्यांदाच घे. जावई असणार ना समोर!

भाडेकरूला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, “काका, मराठीत ‘मागे घे’ म्हणजे विथड्रॉ पण होतं ना? केस मागे घेतात तसं?”

हे त्याने बोलायला नको होतं. तोवर मी दोन अर्थांमध्ये लोंबकळत होतो, आता तीन झाले. पण हा तिसरा मी लगेच झटकला. बावीस वर्षं बॅकच्या गोष्टी सांगणारा माणूस जावयासमोर नाव कशाला मागे घेईल? आणि हा मुलगा मूळचा इंदूरचा. त्याला मराठीतलं काय कळतंय.

सरळ फोन करून विचारायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. केला. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, “अरे, मागे घे म्हणजे नक्की...”

“सांगितलं ना एकदा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मागे घे म्हणजे मागे घे. आणि लोकांसमोर जास्त बोलू नको. जमाई असणारे. हं, बोला ताई, बायफोकल हवाय का?”

झालं. हे वाक्य तिन्ही अर्थांना चपखल बसत होतं. मी पुन्हा वाट्या काढल्या.

शनिवारी संध्याकाळी तो गच्चीवर दिसला, पण बरोबर त्याची बायको, आमची भाभी, होती. आम्ही तिघांनी हवेवर चर्चा केली. भाभी पाठमोरी झाली तेव्हा त्याने भुवया उंचावून मला विचारलं, लक्षात आहे ना? मी मान डोलवली. काय लक्षात आहे ते मलाच माहीत नव्हतं, पण मान अगदी ठाम डोलवली.

रविवारी क्लबहाऊस भरलं होतं. आमच्याकडे सामन्याला वीस माणसं येतात, ड्राफ्टला शंभर. कोण कितव्या नंबरला गेला हे बघण्यात जी मजा आहे ती गोल बघण्यात नाही. पहिल्या रांगेत चष्म्या ताठ बसलेला, इस्त्रीच्या शर्टात, नव्या फ्रेमचा चष्मा लावून. शेजारी जावई. उंच, शांत मुलगा, मांडीवर हात ठेवून बसलेला. सासरे-जावई एकमेकांशी ‘आप’ आणि ‘जी’ करत होते. पाण्याचा ग्लाससुद्धा एकमेकांना दोन हातांनी देत होते.

सेक्रेटरी स्वतः दुसऱ्या क्रमांकाचे कर्णधार. माइक मात्र त्यांच्याच हातात. “चला, मानाचा पहिला. बोला कर्णधार, कोणाला घेता? का भजी आणवू आधी?”

मी उभा राहिलो. आदल्या रात्री मी नक्की ठरवलं होतं, भाडेकरू. पुढे खेळणारा, एकदम पटलेला. तो भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता, जवळजवळ पाय पुढे टाकलेला. तेवढ्यात माझी नजर चष्म्याकडे गेली. त्याने अगदी बारीक मान हलवली. नको, नको, अशी. जावयाला दिसणार नाही इतपत.

आता मला सांगा, समोर बसलेला मित्र मान हलवून ‘नको’ म्हणतो, त्या क्षणी तुम्हाला काय वाटेल? मला वाटलं, म्हणतोय, मला ठेवू नको. दुसऱ्या फेरीवर ढकलू नको. या शंभर माणसांसमोर पुन्हा एकदा खुर्चीवर बसवू नको.

“चष्मेवाले,” मी म्हणालो.

“काय म्हणालात?” सेक्रेटरींनी माइक कानाला लावला, जणू आवाज तिथून येणार होता.

“चष्मेवाले. बॅकला.”

हॉलमध्ये असा आवाज झाला की जणू कोणीतरी कुकरची शिट्टी काढून घेतली. भाडेकरूने कपाळावर हात मारला. मागून कोणीतरी म्हणालं, “पहिल्या फेरीत बॅक? आणि हा?” एकजण मोठ्याने हसला. चष्म्याचा चेहरा असा झाला होता, जसा गिऱ्हाइकाने भर दुकानात काचेचं कपाट पाडल्यावर व्हावा. मला कळेना, हा खूश का होत नाहीये.

आणि मग जावई उठला.

“माफ करा, मी बाहेरचा आहे,” तो स्वच्छ मराठीत म्हणाला, “पण काकांनी अगदी बरोबर केलंय. सात जणांच्या खेळात जागा कमी असते. गोल मारणारे खूप मिळतात. मागे उभा राहून सगळ्यांना आवाज देणारा, खेळ वाचणारा माणूस मिळत नाही. तो आधी घ्यायचा असतो. अब्बा खडकीत खेळलेत. फौजींविरुद्ध.”

हॉलमध्ये माना डोलायला लागल्या. आमच्याकडे शांतपणे बोलणाऱ्या पाहुण्याचं लगेच पटतं. बँकवाले काका टाळ्या वाजवत म्हणाले, “ज्येष्ठतेचा मान राखला!” मीही असा उभा राहिलो की जणू हे सगळं मी आठवडाभर मोजूनमापून ठरवलं होतं. सेक्रेटरींनी त्या गडबडीत आपल्या पाळीला भाडेकरू उचलला आणि त्यांच्या चेहऱ्यावर, वाण्याने चुकून जास्त तोललं की येतो, तसा आनंद होता.

संपल्यावर चष्म्याने मला दंडाला धरून पार्किंगमध्ये नेलं. दोन गाड्यांच्या मधे.

“मी तुला काय सांगितलं होतं?”

“मागे घे.”

“मग?”

“घेतला ना मागे. बॅकला.”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, जणू मी वेगळा दिसेन.

“नाव, अरे गाढवा! नाव मागे घे! नियम काय आहे? कर्णधाराने सांगायचं. तू माझा मित्र, तुझी पहिली चिठ्ठी, तू उठून म्हणायचंस की यांच्या कमरेला त्रास आहे, यांचं नाव मागे घेतो. विषय संपला असता.”

“पण तू तर खडकीत...”

“खडकीत मी गोलच्या मागे उभा असायचो,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली गेला. “मागे म्हणजे जाळीच्या मागे. बॉल नाल्याकडे गेला की आणून द्यायचो. खेळायला घेतलं नाही कोणी कधी. लहानपणापासून चष्मा ना. फुटला तर कोण भरून देणार?”

बावीस वर्षांचा चहा माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

“आणि निकाह ठरताना,” तो म्हणाला, “मुलगा फुटबॉल खेळतो म्हटल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं. मी पण बॅक होतो. तेव्हापासून तो मला जो मान देतो ना... अरे, त्याने माझ्यासाठी बूट आणलेत. वर घरी डब्यात ठेवलेत. सामन्याला येणारे तो. आता सांग, मी काय करू?”

मी म्हटलं, कंबर. तो म्हणाला, मागच्या वर्षीच वापरली. मी म्हटलं, गुडघा. तो म्हणाला, जावयाच्या कॉलेजात फिजिओथेरपी आहे. आम्ही अजून बरेच अवयव तपासले, पण प्रत्येकाचा काही ना काही डॉक्टर त्या मुलाच्या ओळखीत निघत होता.

आठवडाभर मी त्याला सकाळी टर्फवर नेलं. मी त्याला काय शिकवणार? फोनवर बघून बघून सांगायचो. “आता डावीकडे सरक.” तो म्हणायचा, “का?” मी म्हणायचो, “हा माणूस सरकतोय.” फुटबॉलच्या इतिहासात इतकं आंधळं प्रशिक्षण दुसरं झालं नसेल. त्यातून एक नक्की कळलं की चष्मा लावून तो धावायला घाबरतो आणि चष्मा काढला की त्याला बॉल दिसत नाही. शेवटी भाभीने परकराची नाडी दोन्ही काड्यांना बांधून डोक्यामागे गाठ मारून दिली.

सामना पडला नेमका सेक्रेटरींच्या संघाशी. म्हणजे भाडेकरूशी. हा मुलगा बॉल घेऊन असा यायचा की जणू त्याला ट्रॅफिक लागलंच नाही. चष्म्या मागे उभा. पहिल्यांदा भाडेकरू अंगावर आला तेव्हा चष्म्याने बाजूला होऊन वाट दिली. अगदी अदबीने, जशी आपण जिन्यात देतो. दुसऱ्यांदा “सॉरी” म्हणाला. गोल किती झाले ते मी सांगणार नाही. कडेला सेक्रेटरी मोठ्याने म्हणत होते, “व्वा! फर्स्ट पिक!” आणि जावई जाळीच्या पलीकडे हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. मला ते जास्त भीतिदायक वाटत होतं. एकदा बॉल चष्म्याच्या पोटावर आदळला आणि गोल वाचला, तेव्हा तेवढ्या टाळ्या वाजल्या.

मध्यंतराला तो कडेच्या बाकावर येऊन बसला. घामाघूम. मी पाणी दिलं. जावई जाळीचं दार उघडून आत आला, आणि मी मनात म्हटलं, संपलं. चष्म्याने बाटलीतच बघत राहायचं ठरवलं होतं.

जावई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागला. सासरा पाय ओढून घेत होता, तो सोडत नव्हता. खाली मान घालूनच हळू आवाजात म्हणाला, “अब्बा, बॉलकडे बघू नका. बॉल फसवतो. त्याच्या पोटाकडे बघा. पोट जिकडे, तिकडे तो. तुम्ही फक्त त्याच्या आणि गोलच्या मधे राहा. बाजूला होऊ नका.”

“बेटा, मी खडकीत...” चष्म्याने सुरुवात केली आणि पुढे त्याला जमेना.

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“पहिल्या दिवशीच कळलं. तुम्ही म्हणाला होतात, ऑफसाइड होऊ नये म्हणून तुम्ही आपल्या गोलपाशीच थांबायचा.”

यात चुकलं काय, ते मला अजून कळलेलं नाही. पण चष्म्याने डोळे मिटून घेतले.

“मग बोललास का नाही? क्लबहाऊसमध्ये उठून उलट माझी बाजू घेतलीस?”

“माझ्या अब्बूंनी तुम्हाला सांगितलं होतं ना,” जावई दुसरी नाडी बांधत म्हणाला, “की मुलगा रोज पहाटे फजरच्या नमाजाला उठतो.”

चष्म्याने डोळे उघडले. “नाही उठत?”

“तुमच्या मुलीला विचारा.”

मग चष्म्याने नाकातून एक विचित्र आवाज काढला. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. शिट्टी झाली. तो उठला, आणि जाताना जावयाच्या डोक्यावर एक टपली मारून गेला. आजवर त्याला ‘जी’ लावून बोलणारा माणूस.

मध्यंतरानंतर तो बाजूला झाला नाही. त्याने चांगला खेळ केला असं मी म्हणणार नाही, पण तो मधे उभा राहिला. भाडेकरूला दोनदा त्याला वळसा घालावा लागला आणि एकदा तर तो सरळ त्याच्यावर येऊन आपटला. जावई आता जाळीला चिकटून ओरडत होता, “अब्बा, पेट! पेट देखो!” आम्ही तरीही हरलो. पण शेवटचा गोल कसा झाला तेवढं सांगायला हवं. भाडेकरू समोरून येतोय, चष्म्या बरोबर मधे उभा, आणि ऐनवेळी परकराच्या नाडीची गाठ सुटली. चष्मा खाली पडला. चष्म्या वाकला. भाडेकरू त्याच्या वाकलेल्या पाठीवरून बॉल टाकून गेला.

सामना संपल्यावर मी रिकाम्या बाटल्या गोळा करत होतो तर टर्फच्या मधोमध दोघं भांडत होते. खरोखर भांडत होते. आप वगैरे कुठल्या कुठे गेलं होतं.

“अरे अब्बा, सामने आदमी छोडके चश्मा कौन उठाता है?”

“चश्मेवाला उठाता है! तुझे मालूम है फ्रेम कितने की है?”

“पहले आदमी रोको, फिर उठाओ!”

“तू पहले सुबह उठ, फिर मुझे सिखा!”

भाडेकरू माझ्याजवळ आला. जिंकूनही त्याचं समाधान झालेलं नव्हतं. “काका, खरं सांगा, फर्स्ट पिकला बॅक का घेतला? लॉजिक काय होतं?” मी म्हटलं, विचार करून सांगतो. अजून करतोय.

जाळीच्या बाहेर भाभी माझ्या बायकोशेजारी उभी होती. दोघी बराच वेळ ते भांडण बघत होत्या. निकाह झाल्यापासून जावई येणार म्हटलं की ही बाई मोठा पाहुणा येणार असल्यासारखं आदल्या दिवशीपासून मटण मुरवत ठेवायची, फ्लॅटभर वेलदोड्याचा वास असायचा, आमच्या घरातसुद्धा. आजही घरी पातेलं भरून काहीतरी मुरत असणार. तिने पदर सावरला.

“वहिनी, मटण फ्रीजमध्ये ठेवून देते,” ती माझ्या बायकोला म्हणाली. “उद्या बघू.” आणि मग तोंडाशी हात धरून टर्फच्या दिशेने ओरडली, “ए, खाने को दाल-चावल है!”

जावयाने वळूनसुद्धा बघितलं नाही. तो सासऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा लावून नाडी घट्ट आवळत होता.

“पापड भी तलना, अम्मी,” तो म्हणाला.